रिकाम्या न्हाणीघरासमोरची रांग

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. रस्त्याकडे तोंड करून जो ऐटीत उभा असतो आणि ज्याच्यावर नावाची पाटी लावतात, तो मी नव्हे. मी घरातल्या मागच्या बोळातला, न्हाणीघराचा दरवाजा. हसलात ना? हसा, हसा! सगळेच हसतात. पण मला सांगा, पुढच्या दरवाज्यातून माणूस दिवसात किती वेळा जातो? दोनदा, फार तर चारदा. आणि माझ्याकडे? अहो, सकाळी उठल्या उठल्या डोळे चोळत सगळे आधी माझ्याकडेच धावतात. लहान असो, मोठा असो, माझ्यापुढे सगळ्यांची घाई सारखीच!

माझा जन्म याच घराच्या खालच्या मजल्यावर झाला. खाली सुतारकामाचा कारखाना आणि वर राहायच्या तीन खोल्या, असं हे घर. सुतारबाबांनी ते बांधलं तेव्हा एका पाडलेल्या गोदामाची तुळई विकत आणली आणि तिच्यातून मला कापून काढलं. करवतीला दोन दिवस लागले. मग रंधा चालला, तो असा चालला की लाकडाच्या सालींचा ढीग गुडघ्याएवढा झाला. शेजारचा गवंडी बघायला आला होता. तो म्हणाला, "अरे, न्हाणीच्या दाराचे एवढे लाड कशाला? पत्रा ठोकून दे आणि मोकळा हो!" सुतारबाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र त्या गवंड्याचा राग आला, तो आजतागायत गेलेला नाही.

मग मला वर चढवलं, चौकटीत बसवलं आणि माझी नोकरी सुरू झाली. माझ्या आत एका कोपऱ्यात संडास, दुसऱ्या कोपऱ्यात नळ, खाली बादली, बादलीत तरंगणारा लाल मग. घरात माणसं चार. सुतारबाबा, आई, मोठा दादा आणि धाकटी टकळी. टकळी हे तिचं खरं नाव नाही. पण तिचं तोंड सकाळी जे सुरू व्हायचं ते झोपेतच बंद व्हायचं, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत.

या घरात माझ्याबाबतीत एकच कायदा होता. दार उघडं असलं म्हणजे आत कोणी नाही. दार बंद असलं म्हणजे आत कोणीतरी आहे. संपलं! बाहेर पडताना प्रत्येकाने मला सताड उघडं टाकायचं, म्हणजे आत हवा खेळते, फरशी वाळते आणि पुढच्याला लांबूनच कळतं. आणि हो, दार वाजवायचं नाही. दार वाजवणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. "आतल्या माणसाला घाई करू नये," असं सुतारबाबा सांगत. मग बाहेरचा माणूस काय करायचा? खोकायचा. घसा खाकरायचा. टकळी तर मोठ्याने पाढे म्हणायची आणि तिचा बाराचा पाढा सुरू झाला की आतला माणूस नको नको म्हणत बाहेर यायचा. अशी माझी वीस-बावीस वर्षं मजेत गेली.

दादा विजेची कामं शिकला आणि समुद्रापलीकडच्या एका देशात नोकरीला गेला. तिथे त्याची एका मुलीशी ओळख झाली. ती नकाशे काढायची. ओळखीचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे! एके दिवशी दादाचा फोन आला आणि आईने किंकाळीच मारली. आनंदाची होती, पण टकळीच्या हातातली कपबशी पडायची ती पडलीच.

लग्नानंतर दोघं इकडेच राहायला येणार होती. पण एक मेख होती. मुलीचे वडील घड्याळं दुरुस्त करणारे, अबोल आणि काटेकोर. ते म्हणाले होते, "एकुलती एक मुलगी इतक्या लांब पाठवायची, तर आधी घर बघेन. चार दिवस राहीन. मग हो की नाही ते सांगेन." आणि मुलीने दादाला स्पष्ट सांगितलं होतं, की बाबांच्या मनाविरुद्ध ती लग्न करणार नाही. म्हणजे सगळं त्या चार दिवसांवर आलं. होणारे व्याही येणार, विहीणबाई येणार, मुलगी येणार. घरात नुसती झुंबड उडाली!

मला वाटलं, आता भिंती रंगवतील, पडदे बदलतील. पण नाही! सगळ्यांचं लक्ष कुठे, तर माझ्या आत. कारण दादाने फोनवर सांगितलं होतं, "आई, बाकी सगळं चालेल. पण त्यांच्याकडे न्हाणीघराची तऱ्हाच वेगळी आहे."

आई तो फोन हातात घेऊन माझ्यासमोरच उभी होती, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला. त्या देशात म्हणे फरशीवर पाण्याचा थेंब चालत नाही. संडासात पाणी वापरत नाहीत, कागद वापरतात. तिथे जाताना घरातल्या सपाता काढून वेगळ्या सपाता घालायच्या आणि बाहेर येताना त्या आतच ठेवायच्या. त्या सपाता घालून चुकून जरी कोणी स्वयंपाकघरात आलं, तर घरभर हाहाकार! आणि आंघोळ सकाळी नाही, रात्री. आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्याच्या टाकीत बुडून राहायचं. आणि ऐका, त्याच पाण्यात एकामागून एक घरातले सगळे!

"त्याच पाण्यात?" आईने कपाळाला हात लावला.

"अगं, सगळे आधीच स्वच्छ झालेले असतात ना," दादा म्हणाला.

"बरं बाबा. ज्याची त्याची रीत."

मग काय विचारता! सुतारबाबांनी फरशीवर टाकायला लाकडी पट्ट्यांची जाळी केली, म्हणजे पाय कोरडे राहतील. माणूस मावेल एवढं लाकडी पिंपच बनवलं आणि तीन दिवस त्यात पाणी भरून ते गळतं का ते बघितलं. आईने कागदाची सहा भेंडोळी आणली आणि फळीवर अशी रचली, जणू शर्यतीत मिळालेली बक्षिसं. टकळीने सपाता आणल्या, त्यांवर फुलं. आणि बादली व लाल मग? ते पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत म्हणून थेट माळ्यावर! मला फार वाईट वाटलं. पण आनंदाच्या भरात मीही ते विसरलो. सुतारबाबांनी मलाही नवा रंग दिला, निळा. वीस वर्षांत पहिल्यांदा मी इतका देखणा दिसलो!

सगळं झालं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती कोणाच्या डोक्यातच आली नाही. दरवाजा उघडा ठेवायचा की बंद? अहो, ही काय सांगायची गोष्ट आहे, असंच या घराला वाटलं. आणि तिकडे त्यांच्याही घराला तसंच वाटलं. कारण त्यांच्या देशात न्हाणीघराचं दार सदा बंद असतं. उघडं टाकणं म्हणजे गबाळेपणा. आत कोणी आहे का हे कळायला ते दोनदा टकटक करतात. आत कोणी असलं तर तोही आतून दोनदा टकटक करतो. उत्तर नाही आलं, की खुशाल आत जायचं.

पाहुणे आले, दुपारी. मुलीचे वडील, म्हणजे आपले घड्याळजी, उंच, सडपातळ, तोंडातून अवाक्षर नाही. विहीणबाई गोल चेहऱ्याच्या, सारख्या हसऱ्या. मुलगी चुणचुणीत, आल्या आल्या तिने आईला वाकून नमस्कार केला आणि आई पाघळलीच. भाषा मात्र एकाचीही दुसऱ्याला कळेना. दादा आणि मुलगी मध्ये दुभाषे, त्यांची नुसती धांदल.

रात्री तिघांच्या आंघोळी झाल्या. कढत पाण्याची वाफ माझ्या अंगात मुरली. इतक्या वर्षांत मी रात्री कधी भिजलो नव्हतो हो! माझं लाकूड फुगायला लागलं. पण सांगणार कोणाला? आंघोळ करून घड्याळजी बाहेर आले, इकडेतिकडे काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि तसेच खोलीत गेले. आईने ते बघितलं. "अहो, त्यांना काहीतरी खटकलंय," ती सुतारबाबांच्या कानात म्हणाली.

आता खरी सकाळ ऐका. उजाडताना दादा आणि ती मुलगी हळूच घराबाहेर पडले. घर जागं व्हायच्या आत गरम पाव आणि दूध आणायचं, सगळ्यांना चकित करायचं, असा त्यांचा बेत. त्यानंतर घड्याळजी आले. मी उघडा होतो, तरी सवयीने माझ्यावर टकटक केलं, उत्तर नाही, म्हणून आत गेले. काम आटोपून बाहेर आले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी मला नीट, घट्ट, चांगलं दाबून बंद केलं. फुगलेला मी चौकटीत असा गच्च बसलो, की मला श्वास घेता येईना. आणि आत? आत कोणीही नाही!

सहा वाजता सुतारबाबा आले. बघतात तर दार बंद. उभे राहिले. पाच मिनिटांनी आई आली. तीही उभी राहिली. सुतारबाबा खोकले. मग जरा मोठ्याने खोकले. आत शांतता. साडेसहाला टकळी आली. "कोण आहे आत?" तिने विचारलं.

"श्शू! पाहुण्यांपैकी कोणीतरी असेल," आई म्हणाली.

"मग वहिनीच. माझ्या शेजारी झोपली होती, उठले तेव्हा अंथरूण रिकामं होतं."

झालं! वहिनी आत. सुतारबाबा आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, पण वाजवणार कसे? सात वाजले. आईचा चेहरा उतरला. "अहो, तासभर झाला. रात्रीचं जेवण बाधलं की काय पोरीला? की रडत बसलीय? घर आवडलं नसेल तिला!"

मित्रांनो, मी काय सांगू! मी आतल्या आत ओरडत होतो, अहो आत कोणी नाही! पण मी असा घट्ट बसलेला, साधं करकरताही येईना. आयुष्यात इतका चडफडलो नव्हतो.

तेवढ्यात खोलीतून घड्याळजी आणि विहीणबाई बाहेर आले. बघतात तर अख्खं घर बोळात रांगेने उभं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना वाटलं, या घरात सकाळी न्हाणीघरासमोर उभं राहायची रीत असावी! मग तेही अदबीने, हात जोडून रांगेत उभे राहिले. पाच माणसं आणि एक रिकामं न्हाणीघर. आता हसू येतं, पण तेव्हा कोणालाही हसू येत नव्हतं.

विहीणबाईंनी खुणेने विचारलं, मुलगी कुठे? आईने माझ्याकडे बोट दाखवलं. विहीणबाई हसल्या, पुढे झाल्या आणि त्यांनी टकटक केलं. दोनदा. उत्तर नाही. पुन्हा दोनदा. उत्तर नाही. आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांच्याकडे आत माणूस असेल तर उत्तर देणारच, लहान मूलसुद्धा देतं. मुलगी आत आहे आणि उत्तर देत नाही, म्हणजे? त्या मोठ्याने तिला हाका मारायला लागल्या. भाषा कळली नाही, पण आईला आईची हाक कळते. आईने सुतारबाबांचा दंड धरला. "अहो, पोर बेशुद्ध पडलीय!"

सुतारबाबांनी मला धरून खेचलं. मी हलेना. "आतून कडी आहे!" ते ओरडले आणि धाडधाड जिना उतरून हातोडी घेऊन आले. दादा खाली कारखान्यात झोपला होता, त्याला उठवायला टकळीला पिटाळलं. ती गेली तशी परत आली. "दादा खाली नाहीये! आणि वहिनीचे बूटपण नाहीत!"

"तू गप्प बस गं आधी!" आई म्हणाली. बघा, जन्मभर पोरगी बडबडली, आणि एकदा कामाचं बोलली तर कोणी ऐकेल तर शपथ!

माझ्या तीन बिजागऱ्या बोळाच्या बाजूने आहेत. त्यांतल्या लोखंडी सळया काढल्या की मी सुटतो. पण वीस वर्षांचा गंज! सुतारबाबांनी हातोडी उगारली, तोच घड्याळजींनी त्यांचा हात धरला. खिशातून तेलाची अंगठ्याएवढी कुपी काढली. तिला सुईसारखी चोच. तीन बिजागऱ्या, प्रत्येकीत दोन थेंब. मग बोटं मोजत थांबले. दहा होईपर्यंत त्यांनी हातोडीला हात लावू दिला नाही. मग मान हलवली. सुतारबाबांनी खालून हलकेच टोला दिला आणि सळई लोण्यातून निघावी तशी वर आली. दुसरी. तिसरी. एकाने मला वरून धरलं, दुसऱ्याने खालून, आणि 'हं' म्हणून दोघांनी मला एकदम उचललं. त्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघांचं 'हं' सारखंच होतं.

मला बोळात आडवा टाकून सगळे आत घुसले. आत नळ. पिंप. फुलांच्या सपाता. सहा भेंडोळी. माणूस नाही!

आणि नेमका तेव्हाच जिन्यावरून आवाज आला, "अरे, सगळे इथे काय करताय? आणि हे दार का काढलंय?" दादा आणि मुलगी, हातात गरम पाव आणि दुधाची किटली. विहीणबाईंनी जाऊन मुलीला अशी गच्च मिठी मारली, की पाव चेपले. दादाला कळेना, मुलीला कळेना. टकळीनेच सगळं सांगितलं, एका दमात, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

दादाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. घड्याळजींचा चेहरा लालबुंद झाला. म्हणजे दार बंद करणारे तेच! इकडे सुतारबाबाही मान खाली घालून उभे. पाहुण्यांना रांगेत ताटकळवलं, त्यांच्या जिवाला घोर लावला, आणि आता घरात न्हाणीघराला दारसुद्धा नाही. संपलं, असंच त्यांना वाटलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे घड्याळजींच्या तोंडाकडे बघत होते.

घड्याळजी मात्र माझ्याकडे बघत होते. ते गुडघ्यांवर बसले. माझी खालची कड, जी फरशीला टेकलेली असते, जिच्याकडे वीस वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

दादा म्हणाला, "बाबा, ते विचारतायत, ही कड कोणी रंधली?"

"मीच. का?"

"विचारतायत, ही तर कधीच कोणाला दिसत नाही. मग इतकी गुळगुळीत का केली?"

सुतारबाबा गोंधळले. "आता यात काय सांगायचं? पाणी तिथूनच शिरतं. दिसत नाही म्हणून सोडलं, तर दार तिथूनच कुजतं."

दादाने सांगितलं. घड्याळजी ऐकत राहिले. मग ते पहिल्यांदा हसले आणि भराभरा बोलायला लागले. घड्याळाच्या झाकणाची आतली बाजू गिऱ्हाईक कधी बघत नाही म्हणे, पण धूळ तिथूनच शिरते. ते तीच बाजू आधी पुसतात, आणि आयुष्यभर लोक त्यांना त्यावरून वेडा म्हणत आले. बोलता बोलता ते मुलीकडे वळले आणि एक वाक्य बोलले. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अरे, काय म्हणाले? सांग ना!" आई किंचाळली.

"म्हणाले," दादाने सांगितलं, "चार दिवस कशाला हवेत? माझा होकार आहे."

मग जो गोंधळ झाला, काय विचारता! आई विहीणबाईंच्या गळ्यात, टकळी उड्या मारतेय, सुतारबाबा आणि घड्याळजी एकमेकांचे हात धरून नुसतेच हलवतायत. आणि मी? मी बोळात उताणा पडून सगळं बघत होतो. लोक मला ओलांडून नाचत होते आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

तेव्हाच विहीणबाईंनी लाजत लाजत मुलीमार्फत विचारलं, "पण तुमची ती बादली आणि मग कुठे आहे?" कळलं का काय झालं होतं ते? इकडे यायचं म्हणून नवराबायकोने महिनाभर घरी मगाने पाणी घ्यायचा सराव केला होता! घड्याळजींनी दोनदा खालच्या माणसाच्या छतातून पाणी गळवलं होतं. आणि इथे येऊन बघतात तर पाण्याचं भांडंच नाही! रात्री ते शोधत होते ते हेच. आई हसता हसता खाली बसली. टकळी माळ्यावर चढली.

त्या दिवशी दोघा व्याह्यांनी मिळून माझी बाजू जराशी रंधली आणि मला परत बसवलं. तोवर न्हाणीघराला चादर लावली होती आणि आत जाणाऱ्याला गाणं म्हणावं लागत होतं. घड्याळजी किती बेसूर गातात ते सगळ्या गल्लीला कळलं!

लग्न झालं. पाहुणे परत निघाले त्या सकाळी सूनबाई माझ्या आत आली, तिने कडी लावली आणि माझ्या पाठीला कपाळ टेकून रडत उभी राहिली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला होता. सामान खाली गेलं होतं, गाडी उभी होती. घड्याळजी बोळात आले. त्यांनी हाक मारली नाही. फक्त दोनदा टकटक केलं. मग आतून दोनदा टकटक आलं. त्यांनी परत केलं, तिने परत केलं. बाप एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी. मित्रांनो, दोन्ही ठोके माझ्याच अंगावर पडत होते, म्हणून मला माहीत आहे, दोन्ही सारखेच हळू होते. मग तिने नळ बंद केला आणि कडी काढली.

आता माझा निळा रंग उडाला आहे. पावसाळ्यात मी अडकतो आणि सगळे मला लाथ मारतात. मधूनच कोणीतरी म्हणतं, आता प्लॅस्टिकचा दरवाजा बसवून टाकू. बसवा बापडे, तुमचं घर आहे. माझं मागणं एवढंच आहे. कोणाच्या घरी गेलात किंवा कोणी तुमच्या घरी आलं, तर जी गोष्ट विचारायचीही गरज नाही असं वाटतं, ती आधी विचारा. बंद दारासमोर तर्क करत तासभर उभे राहू नका, हळूच वाजवा. आणि आत तुम्ही असाल तर, हसत असा की रडत, उत्तर द्या. बाहेरच्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.